वाढत्या अंगाची सायकल

'वाढत्या अंगाचं' हे दोन शब्द कानावर पडले की मला शिसारी येते. कपड्यांच्या दुकानात एखादी आई पोरीच्या अंगाला फ्रॉक लावून म्हणते, "जरा मोठा दाखवा, वाढत्या अंगाची आहे," आणि ती पोर त्या फ्रॉकामागे गप्प उभी असते, तेव्हा मी तिथून काढता पाय घेते. थांबले तर त्या बाईला काहीतरी बोलून बसेन.

माझं सगळं लहानपण असंच वाढत्या अंगाचं गेलं. भांडुपला, दोन खोल्यांत. युनिफॉर्मच्या स्कर्टला खाली वीतभर दुमड असायची. दर जूनमध्ये आई ती थोडी उसवायची आणि उसवलेली पट्टी बाकीच्या विटलेल्या स्कर्टपेक्षा गडद दिसायची. बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला. पावसाळ्यात तो भिजून आतल्या आत कुबट व्हायचा. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. बूट पायाला नीट यायला लागायचे तोवर त्यांचा तळ फाटलेला असायचा. नवं आणि मापाचं असं दोन्ही माझ्या पायांत एकाच वेळी कधी आलंच नाही. यात आईचा दोष नव्हता, तिला तसंच भागवावं लागायचं. मला काय धाड भरली होती? आम्ही नवराबायको दोघंही नोकरी करतो, मुलुंडला स्वतःचं घर आहे. तरी मी तेच केलं.

लेक पाच वर्षांची झाली तेव्हा तिला सायकल हवी होती. दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं. आमच्या सोसायटीत मुलांना खेळायला जागा म्हणजे दोन रांगांत लावलेल्या गाड्यांमधली बोळकांडी आणि तिच्या टोकाला कचऱ्याची पिंपं. पण त्या बोळकांडीतून बाकीची पोरं सायकली हाणायची आणि ही जिन्याच्या पायरीवर बसून बघायची.

दुकानदार साठीचा असेल. "बेबीला उभी करा ताई," म्हणाला. एक छोटी सायकल पुढे घेऊन त्यानं तिला सीटवर बसवलं आणि स्वतः खाली गुडघ्यांवर बसून तिचे पाय बघितले.

"सोळा इंची. दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, बघा. ब्रेकपर्यंत बोटं पोचतात. झकास शिकेल."

"वीसची दाखवा," मी म्हटलं.

"अजून दीड-दोन वर्षं नको ना ताई. एकदा घाबरली की पोरं परत हात नाही लावत."

मी मनात म्हटलं, बरा शहाणा आहे. आज सोळाची गळ्यात मारायची आणि दोन वर्षांनी वीसची. तो माणूस फरशीवर बसून माझ्या पोरीचे तळवे बघत होता आणि मी त्याच्यात लबाडी शोधत होते. त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, आणि मला सगळ्यात जास्त किळस त्या कौतुकाची येते. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मोठीच घे ना यार, पुन्हा कटकट नको." आईला विचारायची गरजच पडली नाही. तिचंच बोलणं माझ्या तोंडून चाललं होतं.

जांभळी, वीस इंची सायकल घरी आली. सीट पार खाली केली तरी लेकीच्या नुसत्या अंगठ्यांची टोकं जमिनीला लागायची. पहिल्याच संध्याकाळी ती सायकलसकट एका गाडीच्या चाकावर आडवी झाली. गुडघा चांगलाच खरचटला. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "होईल सवय. बघता बघता मोठी होशील." जसं काही मोठं होणं हा तिचा राहिलेला गृहपाठ होता.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी सायकल घेऊन खाली जायची आणि तासाभरानं घामाघूम होऊन वर यायची. "चालवलीस?" मी ओट्यापाशी उभी राहून विचारायची. ती मान हलवायची. मी खूश. आईला फोनवर सांगायची, मोठी घेतली ते बरंच झालं. सहा-सात महिने हे असंच चाललं.

एका शनिवारी कचरा टाकायला मी स्वतः खाली गेले. आमच्या जांभळ्या सायकलवर तिसऱ्या मजल्यावरची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती आणि माझी लेक तिच्या मागून धावत होती. समोरून कुणी आलं की तोंडानं 'ट्रिंग ट्रिंग' करायचं, एवढं काम तिच्या वाट्याला आलेलं दिसत होतं. ते ती मन लावून करत होती.

मी तिला बाजूला घेतलं. "तू का नाही गं चालवत?"

"मी मोठी झाले की चालवणार," ती म्हणाली. "तोपर्यंत गंजायला नको ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला जरा बरं वाटलं असतं. सहा वर्षांची होत आलेली पोर मला काटकसर समजावून सांगत होती, तीही माझ्याच सुरात. माझ्या हातात खरकट्याचा डबा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदारानं मला ओळखलं असावं, पण तसं दाखवलं नाही. पुन्हा सोळा इंची काढली, सीट दोन बोटं वर केली. "अजून वर्षभर हीच बरोबर," म्हणाला. लेक बसली. दोन्ही तळवे फरशीला टेकले ते तिनं वाकून नीट बघितले. दोनदा ब्रेक दाबला. मग पायांनी रेटत दारापासून गल्ल्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली. तिचा असा चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता.

मग ती उतरली आणि हँडलवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "पण आई, ही तर एका वर्षात लहान होईल. मोठीच आहे ना आपल्याकडे."

दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. मला तो भिजलेल्या कापसाचा वास आला.

"होऊ दे लहान," मी म्हटलं.

तिला ते पटलं नसावं. सोसायटीच्या गेटातून आत आल्यावरही ती नवी सायकल हातानं ढकलत, कडेकडेनं चालत होती. बोळकांडी रिकामी होती.

"बस ना आता," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "टायर झिजतील."