गॅलरीतला मोटारीचा रस्ता

चाळीच्या गॅलरीला उतार असतो. तिथे उभा जन्म काढलेल्या माणसालाही हे ठाऊक नसतं, कारण पायाला तो जाणवत नाही. फरशी धुतल्याचं पाणी घरात शिरू नये म्हणून ती भिंतीकडून कठड्याकडे किंचित कललेली ठेवतात, एवढंच. आम्हाला तो उतार कळला तो एका चावीच्या मोटारीमुळे. चावी देऊन सोडली की ती चार हात शहाण्यासारखी सरळ जाई, मग कठड्याकडे वळे आणि गजांच्या फटीतून थेट खाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. पहिल्यांदा पडली ती खाली वाळत घातलेल्या कुणाच्या तरी गोधडीवर, म्हणून वाचली.

मोटार माझी नव्हती. गॅलरीच्या मध्यावर एक काका राहत, सरकारी कचेरीत कारकून, त्यांच्या मुलाची ती. त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने परदेशातून आणलेली. लाल पत्र्याची, आणि आत बसलेला गोरा ड्रायव्हर रंगवलेला. आमच्या लालबागच्या चाळीत तशी वस्तू दुसरी नव्हती. तो माझ्याच वर्गात होता आणि मोटार मला हाताळायला द्यायचा, म्हणून मी त्याच्या मराठीच्या चुका सुधारून द्यायचे. असा आमचा रोखठोक व्यवहार होता.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. कधी हरताळ, कधी संचारबंदी, शाळा आज आहे की नाही ते सकाळी कळायचं. पोरांनी जिना उतरायचा नाही असा हुकूम होता. त्यामुळे सगळं बालपण त्या एका अरुंद गॅलरीत कोंबलेलं होतं, आणि त्या गॅलरीत दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एक ते काका, आणि दुसरे माझे बाबा.

त्याआधी ते रोज बोलत. खरं तर काका बोलत आणि बाबा ऐकत. बाबा गिरणीत मागावर होते. गावी कोकणात दोन इयत्ता झाल्या आणि शाळा सुटली. अक्षराला अक्षर लावून ते दुकानाची पाटी वाचायचे, पण पेपरातली बातमी संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जायचे. म्हणून संध्याकाळी काका कचेरीतून आले, चहा झाला, की दोघं गॅलरीत भिंतीला टेकून बसत. काका पेपर वाचत, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, जाहिरातीसकट. बाबा भुईमुगाच्या शेंगा सोलून दाणे मधल्या वाटीत टाकत. काका वाचता वाचता हात घालून दाणे उचलत. मला वाटतं बाबांच्या दिवसातली तेवढीच वेळ अशी होती की जिच्यात त्यांच्यावर कुणी ओरडत नव्हतं, ना मशीन, ना कामगारांवरचा जॉबर.

मग एका मोठ्या हरताळाच्या दिवशी बाबा मोर्चाला गेले आणि काका चालत कचेरीला गेले. मोर्चावर लाठ्या पडल्या. बाबा परतले ते फाटक्या सदऱ्याने, आणि त्यांच्या खात्यातला एक सोबती इस्पितळात. काका दारात उभे होते, काही विचारणार होते. काकांचं मूळ घर बेळगावकडचं, म्हणजे ज्या मुलखासाठी ही सगळी ओढाताण चालली होती तिथलंच. तेच बाबांच्या डोक्यात गेलं. सगळी गॅलरी ऐकत असताना ते म्हणाले, "तुमचा गाव थंय भायर रवता, आणि तुमी हजेरीची सही करूक गेलात? बांगड्यो भरा हातात."

काकांनी आत जाऊन दार लोटलं. सरकारी नोकराने हरताळ केला तर काय होतं, आणि त्या एका पगारावर बेळगावकडची किती तोंडं बसली होती, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. रागाला ठाऊक असण्याशी काही देणंघेणं नसतं.

मला मात्र बांगड्यांचा राग आला. माझ्या हातात बांगड्या होत्या. आईच्या हातात होत्या, आणि त्याच हातांनी ती खालच्या नळावरून तीन मजले पाण्याच्या कळशा चढवायची. त्यात पुरुषाने लाजण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळतं तेव्हा तर अधिकच चीड येते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आमची वाटी परत केली. भांडणाआधी आईने तिच्यातून सोलकढी पाठवली होती. आमच्या चाळीत शेजाऱ्याची वाटी रिकामी परत जात नसे; काही नसलं तर साखरेची चिमूट, निदान एक मिरची तरी तिच्यात असायची. ती वाटी घासून, पुसून, रिकामी आली. आईने ती फळीवर पालथी घातली आणि पुन्हा वापरली नाही. बाबांना तिने एकही शब्द सुनावला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

बाबा आता पेपर स्वतः विकत आणू लागले. संध्याकाळी तो मांडीवर घेऊन त्याच जागी बसत, आमच्या दारासमोर. मी एकदा म्हटलं, मी वाचून दाखवू का? तर म्हणाले, "नको, तू तुझो अभ्यास कर." थोड्या वेळाने पेपर आहे त्या घडीने आत यायचा आणि खाटेखालच्या गठ्ठ्यावर पडायचा. शेंगा येणं बंद झालं. गिरणीतून आलं की जेवायचं आणि झोपायचं. आई एकदा शेजारणीला म्हणाली, घरात माणूस आहे की नाही तेच कळत नाही. मला बाकीच्या राजकारणातलं फार काही कळत नव्हतं, पण बाबांना ती संध्याकाळ परत हवी होती आणि ती मागायची कशी ते त्यांना येत नव्हतं, हे कळत होतं.

अशात गिरण्या बंद होत्या त्या एका आठवड्यात त्यांनी मोटार दुसऱ्यांदा खाली पडताना पाहिली. पत्रा चेपला होता. त्यांनी तो चमच्याच्या मागच्या बाजूने सरळ केला, मग फरशीवर पालथं पडून गॅलरीचा उतार डोळ्याने मापला, आणि म्हणाले, "हिका रस्तो होयो."

कामाशिवाय हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे. भायखळ्याच्या भाजीबाजारातून फळांच्या खोक्यांच्या फळ्या आल्या. त्या तासून कठड्याच्या कडेने एकापुढे एक मांडायच्या, दोन्ही काठांना बांबूच्या कामट्या ठोकायच्या म्हणजे मोटार बाहेर जाणार नाही. गॅलरी धुताना पाणी खालून निघून जावं म्हणून फळ्यांखाली आडव्या पट्ट्या, आणि कठड्याच्या बाजूला लाकडाच्या पाचरी, म्हणजे उतार मोडला. फळ्या खडबडीत होत्या, त्यांच्यावर कागद चिकटवला. कागद म्हणजे सभेची उरलेली पोस्टरं, पालथी घातलेली, आणि चिकटवायला चिंचोक्याची खळ. ज्या खळीने भिंतींवर पोस्टरं लागली त्याच खळीने आमचा रस्ता गुळगुळीत झाला.

आता आमच्या चाळीचा एक कायदा होता. गॅलरी चालायला सगळ्यांची, पण ज्याच्या दारासमोरचा तुकडा त्याचा. तिथे त्याची रांगोळी, त्याची तुळस, उन्हाळ्यात त्याचं अंथरूण. विचारल्याशिवाय तिथे कुणी बादलीसुद्धा टेकत नसे. बाबांनी एकेका दाराशी जाऊन परवानगी मागितली. कुणी म्हणालं, न्या की. कुणी म्हणालं, पापडाच्या दिवशी उचला म्हणजे झालं. एकाच दाराशी ते गेले नाहीत.

आई म्हणाली, "तेंका इचारूक तुमचा काय जाता?"

"तेंच्या दारासमोरची जागा तेंची. मी इचारूचंय नाय."

"मगे अर्धो रस्तो बांधतल्यात?"

त्यांनी खरंच अर्धा बांधला. म्हणजे जिन्यापासून काकांच्या हद्दीपर्यंत एक तुकडा, आणि काकांची हद्द संपली की तिथून गॅलरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत दुसरा. मध्ये काकांच्या दाराएवढं भगदाड, आणि दोन्ही टोकं अशी नेमकी कापलेली की एक बोटभर लाकूड त्यांच्या हद्दीत गेलं नव्हतं. अशी रेघ आखायला सरकारने कमिशन नेमलं असतं, ते बाबांनी सुताराच्या दोरीने एका सकाळीत केलं.

चावी दिली की मोटार जिन्याकडून ऐटीत यायची आणि रस्ता संपला तिथे थांबायची. मग तिचा मालक, जो स्वतःच्याच दारात उभा असायचा, तो तिला उचलून पुढच्या तुकड्यावर ठेवायचा. सगळी चाळ बघायला येई आणि हसे. बाबा हसत नसत. एकदा काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, सुपावरची मान वर न करता त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "एक महाराष्ट्र करायला निघालेत, आणि एक गॅलरी जोडता येईना की."

बाबा ऐकून आत निघून गेले. काका आतच होते. त्यांनीही ऐकलंच असणार, ती खोली काही एवढी मोठी नव्हती.

रविवारी सकाळी मी दात घासायला बाहेर आले तर काका गॅलरीत गुडघ्यांवर बसले होते. मी त्यांना जमिनीवर असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर घरातले जेवणाचे पाट होते, सगळे, काकूंच्या लग्नातले पितळी फुलांचेसुद्धा. ते पाट एकाला एक जोडून ते त्या भगदाडात मांडत होते. पाटाची उंची जवळजवळ फळ्यांएवढीच भरली. मांडून झाल्यावर त्यांनी मुलाला नुसती मान हलवून खूण केली.

मी जिन्याकडून मोटार सोडली. ती फळ्यांवरून गेली, पहिल्या पाटावर चढली, दुसऱ्यावर गेली आणि तिथे तिला जुना उतार सापडला. पाटांखाली पाचर नव्हती. ती कठड्याकडे वळली. काकांनी ती गजांतून जाता जाता हातात पकडली.

बाबा तोवर बाहेर आले होते. आपल्या फळ्यांच्या टोकाशी, हद्दीच्या बरोबर अलीकडे उभे होते. बराच वेळ पाटांकडे बघत राहिले. मग कुणाकडेच न पाहता म्हणाले, "भायल्या बाजूक उचलूक होया."

"लाकूड नाही घरात," काका पाटांकडे बघत म्हणाले.

"कागद चलतलो." मग माझ्याकडे वळून, "जा, खाटेखालचो गठ्ठो हाड."

मी पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून आणला. बाबा हद्द ओलांडून काकांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांनी एक पेपर घडीवर घडी घालून पाटाच्या कडेखाली सारला, मग दुसरा उचलला. काकांनीही मदतीला एक उचलला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी त्या पेपराची कड अंगठ्याने चाचपली. खालचा एक काढून पाहिला, मग त्याच्या खालचा. पेपरवाल्याने घातलेली घडी प्रत्येकावर तशीच होती, एकही उघडलेला नव्हता.

"हे वाचलेलेच नाहीत," काका म्हणाले.

"कोण वाचतलो?" बाबा म्हणाले. पाटाखालचा कागद ते उगीचच आत सारत होते. तो केव्हाच बसला होता.

काकांनी हातातला पेपर गठ्ठ्यावर परत ठेवला. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून राहिलंय?"

"तेवापासून."

माफी कुणी मागितली नाही. माझं मत अजूनही असं आहे की मागायला हवी होती, आणि काकांच्या आधी काकूंची, कारण बांगड्या त्यांच्या हातात होत्या. पण काकांनी मुलाला हाक मारून चष्मा आणायला सांगितला. आईने फळीवरची ती पालथी वाटी उतरवली, फडताळातले होते नव्हते ते दाणे तिच्यात घातले आणि बाहेर आणून ठेवली. आम्ही दोघं मोटार हातात घेऊन कठड्याशी उभे होतो. आता सोडू का, असं विचारायचीही सोय नव्हती.

बाबा काकांच्या दाराशी, काकांच्या हद्दीत, भिंतीला टेकून बसले. काकांनी चष्मा लावला. त्या दिवशीचा ताजा पेपर उंबऱ्यावरच पडला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. गठ्ठा उचलून मांडीवर घेतला, पालथा केला, सगळ्यात जुना पेपर वर आणला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.