जहाज थांबत नाही: चेन्नई-श्रीलंका क्रूझ आणि अनुराधपूरची रांग

"जहाज थांबत नाही" या एका वाक्यावरून आमच्या घरात महिनाभर भांडण चाललं होतं. वाक्य माझ्या नवऱ्याचं. तो नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या कारखान्यात आहे आणि दूध आणायला निघतानाही खिसे तीनदा चाचपतो. भांडण माझं. आणि जिच्यावरून भांडण होतं ती माझी आई, वय शहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, सोफ्यावर बसून आमच्याकडे मालिका बघावी तशी बघत होती.

आईला क्रूझचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला श्रीलंकेतल्या अनुराधपूरला जायचं होतं, तिथल्या बोधिवृक्षापाशी. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तिथल्या झाडाच्या रोपांपासून वाढला, हे नागपुरात लहान मूलही सांगेल. आई त्याच्या सावलीत बसून आली की हमखास म्हणायची, "याची माय पाहाची आहे मले." मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. अडचण एवढीच की ती विमानात बसत नाही. जावई विमानं दुरुस्त करतो आणि सासू विमानाचं नाव काढलं की कासवासारखी आक्रसते. म्हणून चेन्नईपर्यंत आगगाडी आणि पुढे जहाज. पाच रात्री, श्रीलंकेतली तीन बंदरं: हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि जाफन्याजवळचं कांकेसंथुराई.

आता ज्यांना क्रूझचा अनुभव नाही त्यांच्यासाठी. बंदरात उतरल्यावर फिरायचे दोन मार्ग असतात. एक, जहाजानेच ठरवलेली सहल: बस, गाईड, जेवण सगळं त्यांचं, महाग पडतं, पण बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. दोन, आपली आपण ठरवलेली गाडी: जिथे जायचं तिथे जा, हवं तेवढा वेळ थांबा, पण उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही धक्क्यावर, तुमचे कपडे समुद्रात.

जहाजाच्या त्रिंकोमालीच्या सहलींत देऊळ होतं, गरम पाण्याच्या विहिरी होत्या, समुद्रकिनारा होता. अनुराधपूर नव्हतं. मी ई-मेल करून विचारलं. उत्तर आलं, त्या तारखेला आम्ही तिकडे नेत नाही. मी तारीख बघितली तर ज्येष्ठ पौर्णिमा. सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर धम्म घेऊन श्रीलंकेत पोचले तो दिवस. मला वाटलं, या लोकांना काय कळतं, अशा दिवशी जायला मिळणं हे केवढं भाग्य. आमच्या विहारातल्या ओळखीतून मी त्रिंकोमालीचा एक गाडीवाला शोधला, रंजित नावाचा, आणि ठरवून टाकलं.

"एकशेपाच किलोमीटर जायचं आन् तेवढंच यायचं," नवरा म्हणाला. "पाच वाजता जहाज सुटते. एक टायर बसला तर?"

"टायर बदलायला येतं ना तुम्हाला," मी म्हटलं. मला वाटलं मी जिंकले.

हंबनटोटाला आम्ही जहाजाची सहल घेतली. माणशी साडेपाच हजार रुपये. बेचाळीस माणसं, एक बस, नारिंगी छत्री उंच धरून चालणारा गाईड. खोटं कशाला बोलू, सगळं घड्याळाबरहुकूम झालं. तलाव पाहिला, हत्ती दिसले, जेवण चांगलं होतं, आईला बसमधून उतरायला छोटं स्टूलसुद्धा दिलं. पण तिस्समहारामाच्या पांढऱ्याशुभ्र स्तूपापाशी पंधरा मिनिटं आणि रत्नांच्या दुकानात पन्नास. आई स्तूपाला अर्धी प्रदक्षिणा घालून होते तोच छत्री हलली. बसमध्ये बसल्यावर ती मागे वळून बघत राहिली. त्या क्षणी माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

त्रिंकोमालीला जहाज सातला लागलं. आठ वाजता आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत रंजितच्या गाडीत होतो. बंदर प्रचंड आहे, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये एवढं शांत पाणी की मला नागपूरचा अंबाझरी तलावच आठवला. रस्ता झकास, खड्डा औषधालाही नाही. रंजित दुबईत आठ वर्षं गाडी चालवायचा, तिथल्या भारतीयांकडून हिंदी शिकला होता. तासाभराने तो म्हणाला, "आज पोसोन है, मॅडम. आपने यही दिन क्यों लिया?"

मी अभिमानाने सांगितलं, पौर्णिमा म्हणून. तो हसला नाही. त्याने नुसती मान हलवली.

मिहिंतले जवळ आलं तसं मला कळलं. पोसोन म्हणजे त्यांची ज्येष्ठ पौर्णिमा, आणि त्या दिवशी सगळा देश इथेच येतो. महिंद थेर ज्या डोंगरावर उतरले तो मिहिंतलेचा डोंगर आमच्या रस्त्यावरच होता. आधी पांढरे ठिपके दिसले, मग ओळी, मग रस्ताच पांढरा झाला. ट्रॅक्टरवर, बसच्या टपावर, पायी, कडेवर मुलं घेऊन माणसंच माणसं. डोंगराच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला येणारी गर्दी मी जन्मापासून बघतेय, तरी माझा श्वास अडकला. इतकी माणसं आणि आवाज नाही. हॉर्न नाही, ओरडा नाही, फक्त पावलांची सरसर.

गाडी मात्र गोगलगायीलाही लाज वाटेल अशा वेगाने. त्यात दर शंभर पावलांवर दानसल. म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. गावकरी झेंडे घेऊन रस्त्यात उभे राहतात, गाडी थांबवतात आणि हातात काहीतरी देतातच. भात, फणसाची भाजी, सरबत, आइस्क्रीमसुद्धा. आपल्याकडेही ऑक्टोबरात वर्धा रोडला हेच करतात, त्यामुळे आईला नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. चौथ्या मांडवाला मी चिडले.

"आई, बस झालं. उशीर होतोय."

"ते देऊन राहिले तर काहून नाही घ्यायचं? तू देतेस तवा लोक नाही म्हणतात का?"

तिने सरबताचा पेला दोन्ही हातांनी घेतला. देणाऱ्या बाईनेही दोन्ही हातांनी दिला होता. नवरा सारखा घड्याळ बघत होता, आणि ते मला जास्त टोचत होतं.

अनुराधपूरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाडी लांब लावून तीनचाकीने पुढे, मग पायी. जय श्री महाबोधीच्या, म्हणजे आईच्या त्या झाडाच्या, आवारात चपला काढायच्या, टोपीसुद्धा. दुपारची वाळू तापलेली. आईला माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये धरून आम्ही वळलो आणि समोर रांग दिसली. ती कुठून सुरू होते ते दिसलं, कुठे संपते ते दिसलं नाही. रंजित एका स्वयंसेवकाशी बोलून आला. झाड आहे त्या वरच्या ओट्यापर्यंत चार ते पाच तास. आणि आम्हाला फार तर पावणेदोनला परत निघायला हवं होतं.

चाळीस वर्षं जे तिने मागितलं त्यासाठी मी तिला हट्टाने नेमक्या त्या दिवशी आणलं, ज्या दिवशी ते मिळणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच राग आला होता.

तेवढ्यात तो स्वयंसेवक, पांढरा सदरा घातलेला पन्नाशीचा गृहस्थ, आईच्या गुडघ्यांकडे बघून काही बोलला. रंजितचा चेहरा खुलला. "बूढ़े लोगों का अलग लाइन है. व्हीलचेअर देंगे. पंद्रह मिनट में ऊपर."

मी सुटले म्हणून श्वास सोडला. आई मात्र जागची हलली नाही.

"मी नाही जात वेगळ्या लाइनीत."

"आई, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत." ती रागावली नव्हती, सावकाश बोलत होती. "काटोलजवळच्या आमच्या गावात विहिरीवर आमाले वेगळं उभं ठेवत. माझी माय घागर घेऊन दुपारपर्यंत वाट पाहे, कोणी वरून पाणी टाकते का म्हणून. मी पाच वर्षांची होती, तिच्या लुगड्याले धरून उभी. धम्म घेतला तवा माझ्या बाबानं मले सांगितलं, आता कोणी तुले वेगळं उभं नाही करणार. आन् मी या झाडापाशी वेगळ्या दारानं जाऊ?"

"अगं, हे मानाने देताहेत," मी म्हटलं. "ते वेगळं, हे वेगळं."

"समजते मले. त्याइची चूक नाही काही. पण मले सगळ्यांसंग उभं राहाचं आहे. जमत नसंल तर इथून हात जोडते आन् जाऊ आपण. तुमचं जहाज नको चुकवू."

आणि तिने खरंच लांबून, गर्दीच्या माथ्यावरून दिसणाऱ्या चार फांद्यांकडे बघून हात जोडले. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या पायाशी बसावंसंही वाटलं.

मग माझ्या नवऱ्याने पाठीवरची सॅक पुढे घेतली. आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिघांचे पासपोर्ट, आईच्या दोन दिवसांच्या गोळ्या, तिचं एक लुगडं आणि गुडघ्याला लावायचा मलम.

"काल संध्याकाळी जहाजाच्या रिसेप्शनवरून पासपोर्ट मागून घेतले," तो म्हणाला. "जहाज उद्या सकाळी कांकेसंथुराईले लागते. इथून चार तासांचा रस्ता आहे, मी नकाशात पाहून ठेवला. जहाजाच्या एजंटचा नंबर बोर्डिंग कार्डावर आहे, फोन करतो. आई, लागा तुमी लाइनीत."

"जवाईबापू, जहाज?"

"जाऊ द्या त्याले."

महिनाभर हा माणूस मला 'थांबत नाही, थांबत नाही' म्हणत होता. थांबणार नाही हे इतकं पक्कं ठाऊक असल्यामुळेच त्याने सगळी तयारी केली होती. मी त्याच्याशी लग्न का केलं हे मला अधूनमधून विसरायला होतं, त्या दिवशी आठवलं.

आम्ही रांगेत लागलो. पुढचे चार तास कसे सांगू? आईच्या पुढे भाताची शेती करणारं एक कुटुंब होतं, मागे दोन तरुण शिक्षिका. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या निळ्या कमळांतली निम्मी आईच्या ओंजळीत दिली. शिक्षिकांनी आळीपाळीने छत्री धरली. आई थकली की पुढचा माणूस चटई खाली टाकायचा, ती बसायची, रांग सरकली की चार हात तिला उठवायचे. फुलांची तबकं मागून पुढे जायची, आणि ज्याच्या हातून तबक जाई तो त्याला हात लावून कपाळाला लावी. म्हणजे अर्पण कुणा एकाचं राहतच नव्हतं. तीनच्या सुमारास मागून कुणीतरी त्रिशरण म्हणायला लागलं. बुद्धं सरणं गच्छामि. आईने आवाज मिसळला. शिक्षिकांनी चमकून तिच्याकडे बघितलं. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. माझ्या अंगावर काटा आला, लिहितानाही येतोय.

आम्ही वरच्या ओट्यावर पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मला वाटलं होतं बावीसशे वर्षांचं झाड म्हणजे आभाळ झाकणारं काहीतरी असेल. तसं नाही. मुख्य फांदी बारीक, वाकलेली, सोनेरी टेकूंवर रेललेली. हजारो माणसं त्या म्हाताऱ्या फांदीकडे बघत उभी, आणि वाऱ्याने पानांचा आवाज झाला तोही सगळ्यांना ऐकू गेला. इतकी माणसं, इतकी वर्षं, कुणी ना कुणी हिला टेकू देत आलंय, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं. आईने फुलं ठेवली. ती रडली नाही. तिने झाडाला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, बाळंतिणीला बघावं तसं.

नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "निघालं." आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो.

पुढचं थोडक्यात. रंजितने जाफन्यापर्यंतचे जास्तीचे पैसे सांगितले, ते वाजवी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कांकेसंथुराईच्या फाटकावर तासभर फोनाफोनी झाली, अधिकाऱ्यांनी पासपोर्ट उलटसुलट बघितले, जहाजाच्या मॅनेजरने आम्हाला शाळेतल्या मुलांना बोलावं तसं बोलून घेतलं, आणि वर घेतलं. सगळ्याच जहाजांवर असं चालेल याची खात्री नाही, नियम आधी विचारा.

तर जहाजाची सहल की आपली गाडी? बंदराजवळचं काही बघायचं असेल, वेळ कमी असेल, सोबत लहान मुलं असतील तर मुकाट्याने जहाजाची घ्या, तिला नावं ठेवू नका. आपली गाडी करायची तर पासपोर्ट आणि औषधं जवळ ठेवा, पुढचं बंदर त्याच देशात आहे का ते बघा, आणि मोठा सण असेल तर एक दिवस नव्हे, दोन धरा. पौर्णिमा बघून नाचू नका. हे मी मलाच सांगतेय.

नागपूरला आल्यावर आईचे गुडघे आठवडाभर सुजलेले होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी रागावून विचारलं, व्हीलचेअर का नाही घेतली. ती नुसती हसली. गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी येतात, झाड कसं होतं म्हणून विचारतात. आई झाडाबद्दल दोन वाक्यं सांगते, बारीक आहे आणि जपून ठेवलं आहे. मग रांगेचं सुरू होतं. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, कमळं कोणी दिली, चटई कोणी टाकली, ती कुणाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. ते तासभर चालतं, आणि त्यातलं एकही माणूस ती गाळत नाही.