पियानोची खांदशेकणी

नामदेवचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मास्तर, बाई गेली," तो म्हणाला आणि जरा थांबून, "पेटीचं आता काय करायचं?" सख्खी बहीण गेल्यावर पहिली चिंता पियानोची करणारा माणूस कुणाला कोरडा वाटेल. मला मात्र धडकीच भरली. कारण त्या पियानोची एक गोष्ट मी तीन वर्षं नामदेवपासून लपवत आलो होतो.

प्रमिला आडे हे नाव व्हिएन्नातल्या सभागृहांच्या पाट्यांवर लागायचं, तरी यवतमाळात ती 'मोठी पेटी वाजवणारी बाई'च राहिली. ती दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. आई यवतमाळात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिथे एक जुना पियानो होता आणि तो शिकवणाऱ्या एक कडक अधीक्षिका. मी शेजारच्या गल्लीत राहायचो, तिच्याच वर्गात होतो. सुट्टीत तांड्यावर पियानो कुठून येणार? मग थोरल्या नामदेवने बैलगाडीच्या फळीवर कोळशाने पट्ट्या आखून दिल्या. ती फळीवर बोटं चालवायची आणि तो शेजारी बसून विचारायचा, "आता काय वाजून राह्यलं?" ती सांगायची. तिच्या या पहिल्या श्रोत्याने एकही सूर ऐकला नव्हता, पण इतका एकाग्र श्रोता तिला पुढे क्वचितच मिळाला असेल.

मुंबई, शिष्यवृत्ती, मग तीस वर्षं परदेश... आणि एक दिवस ती दारव्हा रोडवर लहानसं घर घेऊन पियानोसकट परतली. रोज संध्याकाळी तिच्या समोरच्या स्वरलिपीची पानं उलटायला मी जाऊ लागलो. जन्मभर मुलांना वाचायला शिकवलं आणि इथे मी ठार निरक्षर. तिने हनुवटी हलवली की पान उलटायचं, एवढाच आमचा करार. पुढे संधिवाताने तिची बोटं आखडू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वर्षभरात वाजवणं बंद होईल. तेव्हा तिने एक शेवटचा कार्यक्रम यवतमाळात ठरवला. भावाला ती तिच्या बोलीत 'भिया' म्हणायची. त्या भियाने तिला भरल्या सभागृहात कधी ऐकलं नव्हतं. कार्यक्रम त्याच्यासाठी होता. गावाने अर्थातच त्या कार्यक्रमाचा तिचा नागरी सत्कार करून टाकला, समिती नेमली आणि नऊ वक्ते ठरवले.

दिवस पोळ्याच्या आदल्या दिवसाचा निघाला. समितीने पंचांग सोडून बाकी सगळ्यांची सोय पाहिली होती. नामदेव टेम्पोत पियानोला पाठ लावून बसून आला. सत्कार संपायला दोन तास लागले. मग प्रमिला पियानोपुढे बसली, पट्ट्यांवर हात ठेवला आणि उचलला. मी वाकून पाहिलं. पट्ट्या पिवळ्या आणि चकचकीत होत्या, तुपाचा वास येत होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात, वर्षभर राबलेल्याचे उपकार मानायला. नामदेवने सकाळी बैलांचे शेकले होते आणि दुपारी मंचावर कुणी नसताना पियानोचे. पियानो तर जन्मभर राबला होता. पहिल्या रांगेत तो कोरं धोतर नेसून बहिणीकडे एकटक पाहत होता.

थोडं थांबवू, पुसून घेऊ, मी पुटपुटलो.

"अध्यक्ष विचारतीन कोनं केलं. भरल्या सभेत भियाले बोलतीन." तिने पदराला बोटं पुसली. "त्याले सांगू नको, मास्तर. कधीच."

ती चाळीस मिनिटं वाजवत होती. आखडलेली बोटं आणि त्याखाली तूप... मला सुरांतलं कळत नसलं तरी बोट निसटलं की तिच्या मानेची शीर ताठ व्हायची, ते दिसत होतं. एका द्रुत जागी हात घसरला आणि थांबला. सभागृहात कुणीतरी खोकलं. तिने थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. जबडा इतका घट्ट आवळलेला की हनुवटी हलली की नाही तेही मला कळेना, आणि मी पान आधीच उलटलं. तिने ते पान पाठ वाजवलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून गाव म्हणू लागलं, बाईचा हात गेला. तिने कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष भरायची वेळच आली नाही. मंचावर ती पुन्हा चढली नाही.

शोकसभेतही अध्यक्षांनी तेच सांगितलं. वयापुढे कलाही हरते, आपण ते डोळ्यांनी पाहिलं. नामदेव पुढेच मान खाली घालून बसला होता. नंतर माईक माझ्या हातात आला. खरं बोललो तर बहिणीचं नाव धुऊन निघणार होतं, पण भाऊ तिथेच मोडला असता. मी दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि बसलो.

गेल्या आठवड्यात पुन्हा खांदशेकणी आली. नामदेव वाटी घेऊन तिच्या घरी हजर. मी काही बोलायच्या आत त्याने झाकण उघडलं. तिने पट्ट्या वरून पुसून घेतल्या होत्या, पण दोन पट्ट्यांमधल्या कोऱ्या लाकडात हळद मुरली होती. त्याने वाकून ती पाहिली. मग वाटीत बोट बुडवून एका पट्टीवर ठेवलं. बोट घसरलं. त्याने पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं.

"म्हणून अडकली होती ती?"

मी खुर्ची त्याच्यामागे सरकवली. त्याला तेवढं पुरलं.

तो बसला. मग म्हणाला, "लिहा, मास्तर. पेपरात लिहा. तिचा हात नव्हता गेला. मी लावलं होतं." तुमचं नाव येईल, मी म्हणालो. "येऊ द्या. तीन वर्षं तिचं आलं ना."

म्हणून हे लिहिलं. प्रमिलाला दिलेला शब्द मी मोडला आहे, याची नोंद असावी.

जाताना त्याने धोतराच्या सोग्याने ती पट्टी पुसली आणि उरलेलं तूप पियानोच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाला चोळलं, खांद्यांना चोळतात तसं, वरून खाली. मग पट्ट्यांवर न दाबता हळूहळू एक बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आता काय वाजून राह्यलं?"

तिने शेवटचं उघडलेलं पुस्तक तसंच समोर होतं. मी पान उलटलं.