मधल्या पायरीवरचे मालक

आमच्या समोरच्या घराच्या मालकांना गल्लीतली पोरंटोरं बघूकाका म्हणत. भाडेकरूने सांगावं, नळ गळतोय, काका म्हणायचे, "बघू." दाराची कडी निखळली, तरी "बघू." माणूस वाईट नव्हता. भाड्यासाठी कधी कुणाच्या दारात उभा राहिला नाही, कुणी आजारी पडलं तर औषध आणायला स्वतः धावायचा. पण खिळा ठोकायचा म्हटलं की काकांच्या अंगावर काटा येई.

बाहेरून वर जाणाऱ्या जिन्याची मधली फरशी सुटली होती. पाय पडला की डुगडुगायची. वरच्या खोलीत कपडे शिवणाऱ्या बाई भाड्याने राहायच्या. त्यांनी अनेकदा सांगून पाहिलं, काकांनी दर वेळी 'बघू' म्हटलं. मग एका सकाळी कापडाचं गाठोडं घेऊन उतरताना बाई त्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. ज्या हाताने कात्री चालायची तोच हात गळ्यात अडकवून त्या घरी आल्या.

बाईंनी भरपाईचा दावा लावायचं ठरवलं, आणि बरोबरच केलं. काकांचे जावई वकील. ते तातडीने आले आणि सासऱ्यांना समोर बसवून म्हणाले, "बाबा, एक अक्षर बोलायचं नाही. आणि पायरीला हात लावायचा नाही. आज दुरुस्त केलीत, तर ती खराब होती हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. बाईंचं लक्ष नव्हतं, एवढंच आपण म्हणायचं."

जन्मभर दुरुस्ती टाळणाऱ्या माणसाला आता दुरुस्तीची बंदी! एरवी काकांनी ती आनंदाने पाळली असती. पण बाई पडल्याचा आवाज त्यांनी आतून ऐकला होता. दुसऱ्या दिवशी ते उशी घेऊन गेले आणि त्या फरशीवर ठाण मांडून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "कडेने जा, कडेने." चहा तिथेच, पेपर तिथेच, दाढीसुद्धा तिथेच. काकूंनी कपाळावर हात मारला. "आता अंथरूणही तिथेच टाका," म्हणाल्या. आम्ही हसायचो, पण मला खरं तर रागच यायचा. गवंड्याचं तासाभराचं काम, आणि हा गृहस्थ आठवडाभर पहारा देतोय.

रविवारी जावई आपल्या छोट्या मुलीला घेऊन आले. जिन्यावरचा प्रकार पाहून त्यांचं डोकंच फिरलं. "बाबा, आधी उठा! इथे बसून तुम्ही पायरी खराब असल्याची दवंडीच पिटताय."

काका निमूट उठले, उशी काखोटीला मारून खाली आले. बाई तेव्हाच दवाखान्यातून परतत होत्या, त्या फाटकाशी थांबल्या. तेवढ्यात नातीला वर कठड्यावर मांजर दिसलं आणि ती जिन्याकडे धावत सुटली.

"थांब! ती पायरी हलतेय!" वकीलसाहेब जिवाच्या आकांताने ओरडले.

नात थांबली. वकीलसाहेबांनी बाईंकडे पाहिलं आणि उगाच चष्मा पुसायला घेतला.

काकांनी नातीला उचलून बापाकडे दिलं आणि ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "ती पायरी खराब होती. मला माहीत होतं. कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन."

"बाबा!" जावई म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

बाईंनी आवाज चढवला नाही. "आठवडाभर मी खिडकीतून बघतेय तुम्हाला. ऊन लागतंय, कंबर धरतेय, तरी हलायला तयार नाही. एवढी काळजी होती, तर मी सांगत होते तेव्हा का नाही बसलात?"

"तेव्हा कुणी पडलं नव्हतं ना," काका म्हणून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना.