तलावाच्या मधोमध माझं ऑफिस

मंडळी, आज मी डोंग्यात, म्हणजे मासेमारीच्या छोट्या होडीत बसून ऑफिसचं काम केलं! सगळ्यात आधी तुम्हालाच सांगते.

मुर्रीतल्या, म्हणजे माझ्या गावातल्या घरून काम करायची मला महिनाभरच परवानगी आहे. एक जरी मीटिंग चुकली, तर परत पुण्याला. आज रविवार म्हणून आम्ही घरचे सगळे नवेगावबांधच्या तलावावर फिरायला गेलो, तर साहेबांचा मेसेज, "अकराला कॉल. डिझाईन दाखव." एवढं वाचलं आणि रेंज गेली.

नशिबानं सोबत आणलेला लॅपटॉप छातीशी धरून मी तलावाच्या काठानं नुसती पळत सुटले. जाळं घेऊन निघालेले एक काका म्हणाले, "काऊन पळून राहिली बाई? बस डोंग्यात. रेंज मधात येते. मी रोज तिथूनच व्यापाऱ्याले फोन लावतो. मासोळी भेटली म्हटलं का तो बर्फ घेऊन निघते."

मधोमध त्यांनी वल्हं थांबवलं आणि खरंच, मोबाइलवर सगळ्या दांड्या! लॅपटॉप जोडला, डिझाईन उघडलं आणि जोरात सुरू झाले.

"हळू बोल ना बाई! मासोळी पळते," काका ओरडले.

साहेबांनी ऐकलंच. "कोण आहे ते?"

"सिनियर आहेत सर. पाण्यावरून काम करायचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे."

उरलेली मीटिंग मी कुजबुजत केली. डिझाईन पास! वर साहेब म्हणाले, "मग राहा तिकडेच, महिन्याची अट काढली."

आता सांगा, तुमच्या गावात रेंज नेमकी कुठं येते हे सगळ्यात आधी कोणाला कळलं होतं?