बापूराव मामाच्या नावाचे दात

पिपरी मेघेत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून छापून देणारा रूपराव म्हणजे भला माणूस, पण पक्का जुगाडी. २००८ साली व्हायरसनं त्याच्या कॉम्प्युटरचं पार मातेरं केलं, तसं यानं विंडोज काढून लिनक्स टाकलं. पत्रिकेचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचंच. ते लिनक्सवर चालवायला ‘वाइन’ नावाचा प्रोग्राम घेतला. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून गिऱ्हाइकांसमोर ते नाव तो हळूच घ्यायचा.

सगळं झकास चाललं, फक्त स्क्रीनवर मोठी अक्षरं गुळगुळीत अन् बारीक अक्षरं दातेरी, उंदरानं कुरतडल्यासारखी. कागदावर छापलं की सगळी सारखीच गुळगुळीत. पण हे पटवणार कोणाला? रूपरावच्या पोरीचं, प्रेरणाचं लग्न ठरलं आणि तिचा मामा बापूराव पत्रिका पाहायला बोरगावहून आला.

“भाऊजी, नवरदेवाचं नाव कसं लोण्यावानी, अन् माह्यंच काऊन कुरतडलं?”

“स्क्रीनवर दिसते तसं कागदावर नसते, बापूराव!”

“मले येडं समजता? असं नाव छापसान तं मी लग्नात येत नाई.”

झालं! मंगलाष्टकांना पोरीच्या मागे उभं कोण राहणार? रूपरावच्या बायकोनं, देवकाबाईनं, डोळ्याला पदर लावला. रूपरावनं स्क्रीन दाराकडे फिरवली अन् मेहुण्याला रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर नेऊन उभं केलं. तिथून अक्षरं खरंच गुळगुळीत दिसली, पण वाचता कोणाच्या बापाला येतात?

मग मात्र रूपराव इरेला पेटला. शोधता शोधता सापडलं की बारीक अक्षरं गुळगुळीत करू नको, असा हुकूम त्या फॉन्टच्याच पोटात होता. त्यानं तो पुसून टाकला. अहाहा, नावं कशी तुळतुळीत झाली! बापूरावला बोलावलं. त्यानं चष्मा पुसून सगळी नावं पहिल्यांदाच नीट वाचली, आणि भडकला.

“फुफाजी वर, अन् मी खाली?”

फुफाजी म्हणजे रूपरावच्या बहिणीचा नवरा, प्रभाकरराव. तोही नाकावर माशी बसू न देणारा. रूपरावच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “स्क्रीनवर दिसते तसं कागदावर नसते, बापूराव!”

“असं म्हना नं मंग!” म्हणत बापूराव खुशीत घरी गेला.

काय म्हणावं या माणसाले! खरं सांगितलं तेव्हा विश्वास नाही, थाप मारली तर लगेच पटली. रूपरावनं मुकाट्यानं दोन तऱ्हेच्या पत्रिका छापल्या, एकीत मामा वर, दुसरीत फुफाजी.

मंगलाष्टकं लागली. पोरीच्या मागे मामा ताठ उभा होता, त्याच्या बाजूलाच फुफाजी, आणि दोघांच्याही सदऱ्याच्या खिशातून पत्रिका डोकावत होती. देवकाबाई आनंदानं रडत होती. पोरीचा बाप मात्र अक्षता मुठीत धरून त्या दोन खिशांकडेच पाहत होता.