जड बाण

मामा बाण असा धरायचे: उजव्या हाताची दोन बोटं पुढे करायची, त्यांच्यावर बाण आडवा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मग मान एकदा उजवीकडे कलायची. ती कलली की समजावं, माप ठरलं. "पाचशे वीस," ते म्हणायचे. बाण इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला की काटा पाचशे एकोणीस तरी दाखवायचा, नाहीतर पाचशे एकवीस. अशा वेळी मामा काट्याकडे संशयाने बघायचे.

हे पाचशे वीस म्हणजे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण गव्हाच्या एका दाण्याएवढं वजन. अबुधाबीत शिकारीच्या आणि वाळवंटातल्या तंबूंच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं, तिथे मी नव्वदच्या दशकात सेल्सला होतो. परदेशात जाऊन धनुष्याने शिकार करण्याचा नाद तेव्हा तिथल्या काही हौशी लोकांना लागला होता. पुल्या लावलेली धनुष्यं आम्ही विकायचो आणि त्यांचे बाण मामा बांधायचे.

ते खरं तर लोडर म्हणून आले होते. मोखाड्याकडचा माणूस, लहानपणापासून हातात तिरकामठा. बाण बांधणारा आधीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि दोन महिने गिऱ्हाइकं आमच्या नावाने खडे फोडत होती. एक दिवस खोकी उतरवताना मामांनी एक बाण उचलला, बोटांवर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, याचं टोक हलकं हाय. ह्यो वळवळत जानार." टोक बदललं आणि बाण सरळ गेला. त्या दिवसापासून मागचं बेंच मामांचं झालं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एक गोष्ट इतकी येते की बाकीचं जगही ते त्याच मापाने मोजतात. मामा माझ्या मुलीची कंपासपेटी हातावर तोलून सांगायचे की आत खोडरबर नाही. "पप्पा, हाऊ डज ही नो?" असं ती ओरडायची. एका शुक्रवारी त्यांना जेवायला बोलावलं होतं. बायकोने वाढलेली पुरणपोळी त्यांनी तळव्यावर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वैनी, पुरनात हात आखडलाय." बायको आठवडाभर फुगून होती. पुढच्या शुक्रवारी मात्र तिनेच विचारलं, मामा येणार आहेत का.

गिऱ्हाइकांचं आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. सगळ्यांना वेग हवा असायचा. दुकानामागच्या गल्लीत बाणाचा वेग मोजायचं यंत्र होतं आणि त्यावरचा आकडा मित्रांना सांगण्यात अर्धी शिकार व्हायची. बाण हलका केला की आकडा वाढतो, हे खरंच आहे. मामा मान हलवायचे. "हलका लवकर पोचतो. पन पोचून काय करतो? हाडापाशी थांबतो. जड बाण उशिरा जाईल, पन आत जाईल. जनावर जागेवर पडंल." हे सगळं ते आपल्या मोडक्या हिंदीत सांगायचे. गिऱ्हाइकाने हुज्जत घातली की दोन्ही बाण सोडून दाखवायचे. हलक्या बाणाला धनुष्य खणकन वाजायचं, जड बाणाला नुसता धप्प असा आवाज. "यातला कोनता जनावराला ऐकू येल?" असं ते मला विचारायचे.

बाण हातात द्यायच्या आधी ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे. "लगा, और जनावर भागा, तो पीछे जाएगा ना?" लोक हसायचे. "जाएगा, मामा, जाएगा. यल्ला!" पण उत्तर मिळेपर्यंत मामांची मूठ बाणांवरून सुटायची नाही. आमच्या अरबाबलाही, म्हणजे मालकालाही, त्यांनी हा प्रश्न विचारल्यावाचून सोडलं नव्हतं.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. वीस-बावीस वर्षांचे असताना त्यांनी चार जणांत फुशारकी मारायला लांबून, हलका बाण भेकरावर सोडला. बाण लागला, पण रुतला नाही, आणि भेकर पळालं. त्यांच्या बापाने हाताला धरून त्यांना रानात नेलं. दोन दिवस दोघं रक्ताचे थेंब बघत फिरले. ओढ्याकाठी ते सापडलं, तेव्हा जिवंत होतं. "बाप बोलला, तू सुरू केलंस, तूच संपव. त्याच्या डोळ्यात बघून संपव." एवढं सांगून मामांनी चहाचा पेला धुवायला नेला.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. मुलगी नर्सिंगला होती. घराण्यात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. "दोन वर्सं राह्यली, सायेब. दोन वर्सं अरबाबनं ठेवला की मंग मी मोकळा." हे दोन वर्षांचं पालुपद ते इतक्यांदा म्हणायचे की दुकानातले मल्याळी पोरगेही मराठीत "दोन वर्सं" म्हणून त्यांना चिडवायचे.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

अरबाबच्या जुन्या मित्राचा मुलगा अल ऐनहून यायचा. नवं धनुष्य, आफ्रिकेची तिकिटं तयार. मामांच्या बाणाने यंत्रावर सेकंदाला अडीचशे फूटसुद्धा येईना आणि त्याच्या मित्राचे तीनशे येत होते. मामांनी हलके बाण बांधून द्यायला साफ नकार दिला. तो तणतणत गेला आणि दोन दिवसांनी परत आला. त्या दिवशी मामा व्हिसाच्या मेडिकलला गेले होते. मी होतो. मोठं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, शिवाय मलाही थोडंफार येतंच की, अशा तोऱ्यात मी मामांच्या बेंचवर बसलो. बारीक काड्या घेतल्या, सगळ्यांत हलकी टोकं लावली आणि सहा बाण बांधले. यंत्रावर तीनशेला दोन कमी आले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं. मागे जाशील ना, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

तीन आठवड्यांनी उरलेले बाण घेऊन त्याचा ड्रायव्हर आला. त्याच्या वडिलांचा अरबाबला आधीच फोन झाला होता. बैलाएवढ्या हरणाच्या खांद्यात बाण लागला, बोटभर गेला आणि मोडला. हरीण पळालं. सगळ्यांसमोर पोराची शोभा झाली. दुकानातला प्रत्येक बाण मामांचाच, हे अरबाबने धरलेलंच होतं. त्याने बाण बेंचवर आपटले. "मामा, ये क्या बनाया?"

मामांनी एक बाण उचलला. दोन बोटांवर ठेवला. डोळे मिटायची गरजच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते वाट बघत होते. मला माझी मुलगी दिसली, तिची शाळा दिसली, पासपोर्टातला व्हिसा दिसला. मी फडकं घेतलं आणि स्वच्छ काउंटर पुसायला लागलो. पुसतच राहिलो.

"बेंच मेरा है, अरबाब," मामा म्हणाले.

"खलास," अरबाब म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात व्हिसा कॅन्सल झाला. त्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्या खोलीवर गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला. दोन्ही वेळा मी चहा पिऊन परत आलो. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

विमानतळावर मीच त्यांना सोडलं. ट्रॉली ढकलता ढकलता ते थांबले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले, पण स्वतःबद्दल नाही.

"सायेब, त्या पोराला येक इचाराल? ते जनावर मिळाला का. कोनी गेलाच आसंल ना मागं?"

"विचारतो, मामा. पत्र टाकतो."

त्यांनी पत्त्याची चिठ्ठी माझ्या खिशात ठेवली. तो मुलगा त्यानंतर कितीतरी वेळा दुकानात आला. मी त्याला बूट विकले, तंबू विकले, दुर्बीण विकली. हा एक प्रश्न विचारला नाही.

चिठ्ठी मात्र मी पाकिटातून काढून टाकली नाही. चार-पाच वर्षांनी आम्ही कायमचे पुण्याला परतलो आणि एका थंडीत मी मोखाड्याची एसटी धरली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं.

घर सापडलं. दारात एक तरुण बाई तांदूळ निवडत होती. आश्रमशाळेत स्वयंपाकाला असते, म्हणाली. बाबा परत आले त्याच वर्षी नर्सिंग सुटलं. बाबा मागच्या शिमग्याला गेले. मी अबुधाबीहून आलोय म्हटल्यावर तिने पाट दिला, पाणी दिलं. कुडावर तिरकामठा टांगलेला होता आणि त्यात तीन बाण खोचलेले होते. मी न विचारता एक काढला आणि दोन बोटांवर ठेवला. मला वजन कळलं नाही. पण जड होता.

ती माझ्याकडे निरखून बघत होती. मग एकदम म्हणाली, "म्हणजे सायेब तुमीच काय? बाबा तुमच्या पत्राची वाट बघायचे. शेवटी आजारात पन येकच इचारत होते."

"काय?" मी म्हटलं. मला ठाऊक होतं, तरी म्हटलं.

"ते जनावर मिळाला का?"